पाहुणीला आधी सगळं सांगा, मग दिवेआगरला न्या

प्रश्न : मी हिंजवडीतल्या एका कंपनीत टीम लीड आहे. आमच्या ऑस्ट्रियाच्या ऑफिसमधून एक सहकारी दोन महिन्यांसाठी पुण्यात आली आहे. तिशीची, मनमोकळी मुलगी. डिसेंबरमधल्या एका शनिवार-रविवारी टीमने दिवेआगरला जायचं ठरवलं. तिला विचारलं तर ती लगेच हो म्हणाली. तेव्हापासून प्रत्येकाचं वेगळंच सुरू झालं आहे. एक म्हणतो, घरगुती खोल्या तिला चालणार नाहीत, मोठं रिसॉर्टच घ्या. दुसरी म्हणते, ती स्विमसूट घालून पाण्यात उतरली तर गर्दी जमेल, तिला उतरूच देऊ नका. काहींना बिअरची चिंता. ठरवलेल्या ठिकाणांत दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि जंजिरा असं सगळं आहे. ती स्वतः म्हणते, मी लहानपणापासून तळ्यात पोहते, मला पाण्याची भीती नाही. सासूबाई म्हणतात, परक्या मुलीची जोखीम कशाला घेतेस, त्यापेक्षा घरी जेवायला बोलाव. मला तर झोप लागत नाही. न्यावं की टाळावं?
— एक वाचक, बाणेर

उत्तर :

जरूर न्या. दोन महिने हिंजवडी आणि हॉटेल एवढंच पाहून ती परत गेली तर तिला आपल्याकडचं काय कळणार? पण तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट मला खटकली. खोली कसली घ्यायची, तिने काय घालायचं, पाण्यात उतरायचं की नाही, हे सगळं तुमच्या टीममध्ये ठरतंय आणि जिच्याबद्दल ठरतंय तिला यातलं काहीच माहीत नाही. ती तुमच्यासारखीच कमावती, शहाणी बाई आहे. तिला घरगुती खोली चालेल का, हे तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. ते फक्त तिला ठाऊक आहे. तेव्हा पहिलं काम हे की एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिच्यासोबत अर्धा तास बसा आणि सहल कशी असेल ते जसंच्या तसं सांगा. गोड करून सांगू नका आणि घाबरवूही नका.

रस्त्यापासून सुरुवात करा. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर साधारण 160 किलोमीटर. तिला वाटेल दोन तासांचं काम. तिच्याकडच्या महामार्गांवर असेलही, इथे साडेचार-पाच तास धरायचे. घाटात वळणं आहेत, गाडी लागू शकते. गोळी घ्यायची तर निघण्याआधी घ्यायची, घाटात शिरल्यावर नाही, आणि पुढची सीट तिच्यासाठी मोकळी ठेवायची. मुळशी सोडल्यावर माणगावपर्यंत बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह मिळणं कठीण, हेही सांगा. आपण हे संकोचाने बोलत नाही आणि मग त्या बाईला पाच तास अवघडून बसावं लागतं. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवताना मागच्या सीटना पट्टे आहेत का ते आधी विचारून घ्या. ती बसल्याबसल्या पट्टा शोधेल आणि तिचं बरोबरच असेल. पहाटे साडेपाचला चांदणी चौक सोडा. ड्रायव्हरला रात्री झोपायला नीट खोली द्या, गाडीत झोपवू नका. रविवारी उन्हं कलल्यावर घाट चढायचा तो त्यालाच चढायचा आहे.

मग खोल्यांचं. दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधली घरगुती सोय मला कुठल्याही रिसॉर्टपेक्षा जास्त आवडते. माझं माहेर त्या बाजूचं असल्यामुळे तसं वाटत असेल, पण मला विचाराल तर तिलाही तिथेच न्या. फक्त ती सोय कशी असते ते सांगा. अंघोळीला बादलीत गरम पाणी, कमोड आहे की नाही ते मालकांना विचारून, वीज गेली तर थोडा वेळ पंखा बंद, पहाटे कोंबडा. आपण चारचारजणी एका खोलीत खाली गाद्या टाकून झोपतो, आपल्याला त्यातच मजा वाटते. तिला स्वतंत्र खोली हवी असेल. हवी असेल तर द्या आणि तो तिचा नखरा समजू नका. खोली एकटीची असली तरी तुमच्या खोल्यांच्या मधली घ्या, वाडीच्या टोकाची नको.

कपड्यांबद्दलही स्पष्ट बोला आणि ते तुम्ही किंवा टीममधल्या दुसऱ्या बाईने बोलावं. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक बायका अंगभर कपड्यांत पाण्यात उतरतात. शनिवारी संध्याकाळी तिथे सगळीकडून आलेले लोक असतात. ती बिकिनी घालून उतरली तर लोक बघतील, काही जण मोबाइल काढतील. हे वाईट आहे, पण आहे. हे ऐकून काय घालायचं ते तिला ठरवू द्या. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख असतो, टी-शर्ट आणि अर्धी चड्डी असते. पण ‘तिला पाण्यात उतरूच देऊ नका’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला सांगा की बघणाऱ्यांच्या चुकीची शिक्षा बघितल्या जाणाऱ्या बाईला द्यायची नसते.

फोटोंचा त्रास मात्र तुम्हीच अंगावर घ्यायचा. परदेशी माणूस दिसला की सेल्फी मागायला लोक येतात. त्यातले बरेच निव्वळ कौतुकाने येतात, लहान मुलं तर हमखास. तिला हवं असेल तर काढू दे. तिसऱ्या-चौथ्या फोटोनंतर तिचा चेहरा पाहा आणि तुम्हीच पुढे होऊन ‘बास आता, दमली ती’ म्हणा. आपल्या मराठीत, आपल्या आवाजात म्हटलेलं लोक ऐकतात. कुणी लांबून व्हिडिओ काढत असेल तर दोघा-तिघांनी जाऊन तो पुसून टाकायला सांगा. ऐकलं नाही तर 112 ला फोन करा. ‘दुर्लक्ष कर’ असं सांगून ते तिच्यावर सोडू नका.

इथवर सगळं तिला विचारून करायचं. समुद्राबाबत मात्र विचारायचं नाही. तिथे नियम तुमचे आणि ते तिने, तुम्ही, टीममधल्या सगळ्या पोहणाऱ्यांनी आणि न पोहणाऱ्यांनी पाळायचे. मला सगळ्यात काळजी वाटली ती तिच्या त्या वाक्याची, ‘मला पाण्याची भीती नाही.’ ऑस्ट्रियाला समुद्र नाही. तिथल्या तळ्यांत ती उत्तम पोहत असेल, पण तळ्याचं पाणी कुणाला ओढून नेत नाही. सुट्टीत इटली-क्रोएशियाकडे गेली असेल तरी भूमध्य समुद्रात भरती आणि ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी एक मीटरही नसतो. आपल्याकडे मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. रायगडच्या दक्षिण टोकाला ती काहीशी कमी, तरी दोन माणसं उभी करावीत एवढं पाणी सहा तासांत चढतं आणि सहा तासांत उतरतं. तिने असा समुद्र पाहिलेलाच नाही.

1 फेब्रुवारी 2016 ला पुण्याहून मुरुडला सहलीला गेलेले 14 विद्यार्थी बुडाले. पावसाळा संपून चार महिने झालेले. किनाऱ्यावरून पाहिलं तर फेब्रुवारीतला समुद्र कुणालाही शांतच वाटतो. पुण्यातल्या घराघरांत तेव्हा त्याबद्दल बोललं गेलं आणि दोन-चार वर्षांत आपण ते विसरून पुन्हा गळ्यापर्यंत पाण्यात जायला लागलो.

माणसं बुडतात ती लाटेखाली सापडूनच असं नाही. लाटा जे पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात ते परत जायला वाट शोधतं. वाळूत जिथे खोलगट पट्टा असतो तिथून ते जोरात आत ओढलं जातं. वरून नेमकी तीच जागा शांत दिसते, कारण तिथे लाटा फुटत नाहीत. नवखा माणूस म्हणतो, इथे बरं आहे, आणि तिथेच उतरतो. पाय सुटला की घाबरून सरळ किनाऱ्याकडे पोहायला लागतो, ओढ त्याच्यापेक्षा जास्त असते, तो दमतो. चांगला पोहणारा जास्त वेळ झगडतो आणि जास्त दमतो. अशा वेळी किनाऱ्याकडे यायचा हट्ट सोडायचा, पाठीवर तरंगायचं, हात वर करून हाक द्यायची आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. हे सगळ्यांना गाडीतच समजावून सांगा. दुसरं तितकंच महत्त्वाचं : एकाला ओढलं म्हणून बाकीच्यांनी हात धरून मागे धावायचं नाही. रिकामा झाकणबंद पाण्याचा मोठा कॅन आणि लांब दोर किनाऱ्यावर जवळ ठेवा, तो फेकता येतो. स्थानिकांना हाक मारा. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक 1554, रुग्णवाहिकेसाठी 108. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे, रस्ता येताना पाहून ठेवा.

वेळ कशी निवडायची? कोकणातल्या जुन्या माणसांचा साधा हिशेब आहे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पहाटे एकदा आणि दुपारी-संध्याकाळी एकदा, शुद्ध पक्ष असो वा वद्य. थोडं पुढेमागे होतं, म्हणून पोहोचल्यावर खोलीच्या मालकांना विचाराच. पण घरबसल्या कॅलेंडर काढून एवढं पाहता येतं. अष्टमीच्या आसपासचा शनिवार मिळाला तर सोनं. तेव्हा भांगाचं पाणी असतं, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखा जोर नसतो. दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी पूर्ण होऊन पाणी चढायला लागतं आणि सहाला भरतं. म्हणजे चार ते साडेपाच ही तुमची पाण्यात जायची वेळ. पाणी चढतं असताना उतरायचं, भरती पूर्ण व्हायच्या आत बाहेर यायचं. उतरत्या पाण्यात कुणी जायचं नाही. अंधारात नाही, कमरेच्या वर नाही आणि एकट्याने नाही. मालक किंवा तिथले कोळी ‘या जागी नको’ म्हणाले तर तो शेवटचा शब्द. तिला हे सगळं तुम्ही कारणांसकट सांगितलंत तर ती ऐकेल. नुसतं ‘आपल्याकडे नाही जात’ म्हणालात तर तिला वाटेल तुमच्या कुणालाच पोहता येत नाही आणि ती पुढे जाईल.

बिअरचा निकालही इथेच लावते. पाण्यात जायच्या आधी कुणीही प्यायचं नाही, एक घोटसुद्धा नाही. किनाऱ्यावर बाटल्या न्यायच्या नाहीत. रात्री खोलीत प्यायची असेल तर आधी मालकांना विचारा. दिवेआगरात अनेक घरांत दारूच काय, मासेही चालत नाहीत आणि त्यांच्या अंगणात राहून त्यांचा नियम मोडायचा नाही. ज्यांना मासे हवेत त्यांच्यासाठी गावात वेगळ्या खाणावळी आहेत. टीममधल्या मुलांना ती आल्यामुळे आपली मजा गेली असं वाटत असेल तर त्यांना सांगा, ती नसती तरी हा नियम हाच असता. आणि हो, कुणाला जीप वाळूत घालायची हौस असेल तर ती पुण्यातच उतरवून निघा. भरतीत अडकलेल्या गाड्या दर मोसमात ट्रॅक्टरने ओढाव्या लागतात आणि वाळूवर लहान मुलं खेळत असतात.

आता ठिकाणांकडे. चार जागा दोन दिवसांत म्हणजे समुद्र गाडीच्या काचेतून बघणं. जंजिरा मला फार प्रिय आहे. सिद्दींचा तो किल्ला शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांनाही घेता आला नाही, समोर पद्मदुर्ग उभारूनही. पण होडीसाठी थांबणं, जाणं, दाराशी हलत्या होडीतून पायरीवर उतरणं, फिरून परत येणं यात अर्धा दिवस सहज जातो. या वेळी सोडा. हरिहरेश्वरही सोडा. तिथली खडकांवरची प्रदक्षिणा फक्त ओहोटीत करायची असते आणि घाईत आलेले लोक वेळ बघत नाहीत. लाटेने खडकावरून माणसं नेल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत.

शनिवारी फक्त दिवेआगर. दुपारी झोप, चारला समुद्र, संध्याकाळी रूपनारायणाच्या देवळात जा. तिथली विष्णूची मूर्ती आणि तिच्याभोवती कोरलेले दशावतार तिला दाखवा. ज्याला मूर्तिकलेचं काही कळत नाही तोही त्या दगडासमोर थांबतो. रविवारी सकाळी शेखाडीवरून समुद्राच्या कडेकडेने श्रीवर्धनला जा. तो रस्ता हीच अर्धी सहल आहे. श्रीवर्धन पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचं गाव. ती पुण्यात राहतेय, शनिवारवाडा पाहिला असेल. 1732 मध्ये ज्याने तो वाडा बांधून वास्तुशांत केली तो बाजीराव याच किनाऱ्यावरच्या घराण्यातला, हे तिथे उभं राहून सांगितलं की पुणं आणि कोकण तिच्या डोक्यात जोडले जातील. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या बागा दाखवा. जाताना मुळशीच्या धरणाशी थांबाल तेव्हा 1921 च्या सत्याग्रहाबद्दल आणि सेनापती बापटांबद्दल दोन वाक्यं सांगा. डिसेंबरात कुरव पक्ष्यांचे थवे किनाऱ्यावर असतात, तेही तिला आवडतील. हापूसचं आणि कासवांच्या पिल्लांचं आमिष दाखवू नका. त्यांचे महिने वेगळे.

जेवणात तिखटाचीच चर्चा होते, ॲलर्जीचं कुणी विचारत नाही. शेंगदाणे, कोळंबी, तिसऱ्या, नारळ यातलं तिला काही बाधतं का, ते नक्की विचारा. दाण्याचं कूट आपण कशातही घालतो आणि सांगायचं विसरतो. प्यायला बंद बाटलीतलं पाणी. उकडीचे मोदक हवेत तर खोली ठरवतानाच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत.

माझ्या मते अशा सहलीत परक्या माणसाला सगळ्यात जास्त टोचतो तो एकटेपणा. गाडीत बाराजण हसत असतात आणि तिला कळत नाही कशावर. प्रत्येक विनोद इंग्रजीत करा असं मी म्हणणार नाही, तुमचीही सुट्टी आहे. पण तिच्या शेजारची जागा दर थांब्यावर बदला म्हणजे एकाच कुणावर तिची जबाबदारी पडणार नाही. आणि उलट, तिला सतत गराडाही घालू नका. ‘पाणी हवं का, चहा हवा का, बरं वाटतंय ना’ असं दर दहा मिनिटांनी विचारलं की माणूस गुदमरतो. सकाळी तिला एकटीला किनाऱ्यावर चालायचं असेल तर चालू द्या. पाण्यात एकटीने जायचं नाही, एवढं आधी सांगितलेलंच आहे.

पैशांचं : वर्गणी सगळ्यांची सारखी. ती युरोत कमावते म्हणून जास्त नको आणि पाहुणी म्हणून माफही नको. तिला बहुधा तसं अवघडच वाटेल. आकडा आधी सांगा. शनिवारचं पहिलं जेवण टीमकडून, इतकं पुरे. गावात कार्ड क्वचित चालतं आणि तिच्याकडे यूपीआय नसेल, म्हणून थोडी रोख रक्कम पुण्यातूनच काढून न्यायला सांगा.

कागदपत्रांत चूक करू नका. परदेशी माणूस ज्यांच्याकडे उतरतो त्यांनी परदेशी पाहुण्यांचा ठरलेला फॉर्म (पूर्वी त्याला सी-फॉर्म म्हणत) भरून चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे. लहान घरगुती सोयीवाल्यांना कधीकधी हे माहीत नसतं, किंवा झंझट नको म्हणून ते दारातून परत पाठवतात. म्हणून खोली ठरवतानाच ‘आमच्यात एक परदेशी पाहुणी आहे, तुम्ही त्यांचा फॉर्म, पूर्वीचा सी-फॉर्म, भरता ना?’ असं विचारा. नाही म्हणाले तर दुसरं घर बघा. तिने पासपोर्ट आणि व्हिसा जवळ ठेवावा. डोंगरात फिरणाऱ्या युरोपी लोकांकडे कधीकधी उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र असतं. आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि त्यावरून परदेशी पर्यटकांना अडवलं गेलं आहे. असेल तर घरी परत पाठवायचं की आणखी काय करायचं, ते कंपनीच्या प्रवास विभागाला विचारून ठरवू दे, सहलीला न्यायचं नाही. तिचा प्रवास विमा सुट्टीच्या दिवसांतही लागू आहे ना, हेही त्याच विभागाला विचारा.

सासूबाईंची भीती खोटी नाही. समुद्राला घाबरणाऱ्या माणसाचं म्हणणं मी कधी उडवून लावत नाही. त्यांना तिथीचा हिशेब दाखवा, पाण्याचे नियम सांगा. आणि जेवायलाही बोलवा तिला, सहलीच्या आधीच्या आठवड्यात. वर लिहिलेलं सगळं बोलायला ऑफिसच्या कँटीनपेक्षा तुमच्या घरचं ताट बरं आणि सासूबाईंनाही ती मुलगी कोण, कशी ते कळेल. डिसेंबरच्या शनिवार-रविवारी दिवेआगरच्या खोल्या लवकर भरतात. आज कॅलेंडरात अष्टमी बघा आणि उद्या फोन करा.